जातीवरून मारहाण, शिवीगाळ, बहिष्कार झाला तर काय करायचं? पहिल्या तासापासून कोर्टापर्यंतची सगळी माहिती

भांडण बहुतेक वेळा साध्याच गोष्टीवरून सुरू होतं. शेळी बांध ओलांडून पलीकडे जाते, वरातीचा डीजे कुणाच्या तरी दारासमोर थांबतो, हापशावर नंबरावरून बाचाबाची होते, पोरगं मोबाईलवर स्टेटस ठेवतं. मग एकजण जात काढतो, दुसरा काठी उचलतो. आणि त्याच रात्री गावातली चार वडीलधारी माणसं दारात येऊन बसतात. "दादा, पोरांचं चुकलं, आम्ही कबूल करतो. पण केस कशाला? गावातच राहायचंय ना आपल्याला?"

हा प्रश्न खोटा नाही. गावातच राहायचं असतं, त्याच गिरणीत दळण न्यायचं असतं, त्याच शेतावर मजुरीला जायचं असतं. म्हणूनच बरीच माणसं दोन-तीन दिवस विचार करत बसतात. तोवर जखम सुकते, व्हिडिओ डिलीट होतो, बघणारे "आम्ही तिथं नव्हतो" म्हणायला लागतात. पुढं केस उभी राहिली तरी ती कच्ची राहते.

केस करायची की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण तो निर्णय माहिती असताना घ्यावा, आणि निर्णय होईपर्यंत पुरावा हातचा जाऊ देऊ नये. त्यासाठीच ही माहिती.

कोणता कायदा लागतो?

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या माणसावर या समाजाबाहेरच्या माणसाने अत्याचार केला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. यालाच सगळे 'अ‍ॅट्रॉसिटी' म्हणतात. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांनाही त्याचं संरक्षण आहे. २६ जानेवारी २०१६ पासून या कायद्यात बरेच नवे गुन्हे घातले गेले. फक्त मारहाण म्हणजे अ‍ॅट्रॉसिटी असं नाही. पुढच्या गोष्टीही गुन्हा आहेत:

- लोकांसमोर जातीवाचक शिवी देणं, अपमान करणं, धमकावणं
- सार्वजनिक विहीर, नळ, नदी, रस्ता, स्मशानभूमी वापरायला अडवणं
- मंदिरात जाऊ न देणं
- नवरदेवाला घोड्यावर बसू न देणं, वरात अडवणं, गाडीवरून किंवा चप्पल घालून जायला मज्जाव करणं
- जमीन बळकावणं, कसत असलेल्या शेतातून हुसकावणं
- सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, तशी धमकी देणं

शिवीगाळीच्या गुन्ह्यात एक बाब नीट समजून घ्यायला पाहिजे. ती 'लोकांच्या नजरेसमोर' झालेली असावी लागते. घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना शिवी दिली, तर हे कलम लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणून घटना कुठं झाली आणि कोण कोण बघत होतं, हे फिर्यादीत येणं महत्त्वाचं ठरतं.

पहिला तास: आधी जीव, मग पुरावा

जमाव घरावर चालून येत असेल तर वाद घालत थांबू नये. बायका, पोरं, म्हातारी माणसं आधी सुरक्षित जागी हलवावीत आणि ११२ ला फोन करावा. फोनवर तीन गोष्टी पहिल्यांदा सांगाव्यात: गाव आणि तालुका, किती लोक आहेत, हातात काय आहे. या फोनची वेळेसह नोंद राहते. मदत यायला उशीर झाला तरी ती नोंद पुढं कामाला येते.

मार लागला असेल तर जखम दिसो न दिसो, सरकारी दवाखान्यात जावं. ग्रामीण रुग्णालयात "पडलो", "गाडीवरून घसरलो" असं सांगू नये. कुणी, कशाने, कुठं मारलं ते डॉक्टरला खरं सांगावं. ही पोलीस केस म्हणून नोंद होते, तिला एमएलसी म्हणतात. आधी ठाण्यात गेलं तर पोलीस दवाखान्यासाठी मेडिकल यादी देतात. पण जखम मोठी असेल तर यादीची वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डाचे फोटो काढून ठेवावेत.

पुराव्यासाठी एवढं करावं:

- फाटलेले, रक्ताचे कपडे धुवायचे नाहीत. कागदी पिशवीत किंवा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे. प्लास्टिकमध्ये ओल धरून ते खराब होतात.
- मोडलेलं दार, जळालेला कडबा, फुटलेली गाडी जागेवरून हलवण्याआधी फोटो घ्यायचे.
- व्हिडिओ ज्या मोबाईलवर काढला तो मोबाईल जपायचा. फॉरवर्ड झालेल्या क्लिपपेक्षा मूळ फाईलचं वजन कोर्टात जास्त असतं. तो फोन विकू नये, रिसेट करू नये.
- क्लिप ग्रुपवर टाकायची नाही. त्याने गावात आग भडकते, आणि पीडित बाई किंवा लहान मूल असेल तर त्याची ओळख उघडी पडते.
- दुकान, पतसंस्था, दूध डेअरी यांच्या सीसीटीव्हीत काही दिसत असेल तर लगेच पोलिसांना लेखी सांगायचं. बऱ्याच कॅमेऱ्यांत जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.
- बघणाऱ्यांची नावं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायची.

पोलीस ठाण्यात: पहिला कागद सगळ्यात महत्त्वाचा

ठाण्यात एकट्याने जाऊ नये. सोबत दोन समजदार माणसं असावीत, पण पन्नास जणांचा घोळका नको. गर्दीने काम लवकर होत नाही, उलट दुसराच वाद उभा राहतो.

फिर्याद आपल्या भाषेत, घडलं त्या क्रमाने सांगायची. त्यात पुढच्या गोष्टी सुटता कामा नयेत:

- तारीख, वेळ आणि नेमकी जागा (चावडीसमोर, पारावर, हापशाजवळ)
- मारणाऱ्यांची नावं. नाव माहीत नसेल तर वर्णन
- फिर्यादीची जात, आणि आरोपीला ती जात कशी माहीत आहे (एकाच गावात राहतात, शेजारी शेत आहे)
- जे शब्द वापरले ते जसेच्या तसे
- कुणी कशाने मारलं, कुठं लागलं
- कोण बघत होतं
- आधीचं काही भांडण, धमकी, तक्रार असेल तर तीही

शिवीचे शब्द उच्चारायला जड जातं. खास करून बायकांना ठाण्यात सगळ्यांसमोर ते सांगायची लाज वाटते, मग "घाण घाण बोलले" एवढंच लिहिलं जातं. तिथंच केस पातळ होते. शब्द तोंडाने सांगवत नसतील तर कागदावर लिहून द्यावेत. महिला अंमलदार मागून घ्यावी.

जातीचा दाखला घरी राहिला किंवा काढलेलाच नाही, म्हणून गुन्हा नोंदवायचं थांबत नाही. तपासात आणि मदतीसाठी मात्र तो लागतो, म्हणून लगेच सेतू केंद्रात अर्ज करावा. आरोपीची फिर्यादीशी किंवा त्याच्या घरच्यांशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट धरून चालतं. नव्हती हे सिद्ध करायचं काम आरोपीचं.

लिहून झाल्यावर पोलिसांनी फिर्याद वाचून दाखवली पाहिजे. तसं कायद्याच्या कलम ४ मध्येच म्हटलं आहे. ऐकल्याशिवाय, वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा द्यायचा नाही. चूक असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्यायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघायचं नाही.

आणि जे घडलं तेवढंच सांगायचं. राग आहे म्हणून हजर नसलेल्याचं नाव घालायचं नाही. एक खोटं नाव दहा खऱ्या नावांना वाचवतं, कारण उलटतपासणीत वकील तेच एक नाव धरून सगळी फिर्याद हलवतो.

'आधी चौकशी करू, मग बघू' असं सांगितलं तर

अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. मार्च २०१८ च्या एका निकालाने ही अट आली होती. त्यानंतर देशभर मोठं आंदोलन झालं आणि त्याच वर्षी संसदेने कायद्यात कलम १८-अ घालून ती काढून टाकली. फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ही दुरुस्ती कायम ठेवली.

"ही आमची हद्द नाही" हे कारणही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. मग तो गुन्हा योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

तरीही घेतलं नाही, तर पायऱ्या अशा:

१. तीच फिर्याद लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने रजिस्टर करून पाठवायची. पावती आणि एक प्रत जपून ठेवायची.
२. १४५६६ या राष्ट्रीय अत्याचारविरोधी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून घ्यायचा.
३. उपविभागीय पोलीस अधिकारी, प्रांत आणि समाजकल्याण विभागाचे सहायक आयुक्त यांना प्रत द्यायची. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यायचा.
४. त्यानेही भागलं नाही तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज करायचा.

जाणूनबुजून कर्तव्य टाळणारा लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर प्रशासकीय चौकशीच्या शिफारशीनंतर त्याच्यावरच कलम ४ खाली कारवाई होऊ शकते. त्यात सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

गुन्हा नोंद झाला, पुढं काय?

तपास हवालदार किंवा फौजदाराकडे नसतो. तो पोलीस उपअधीक्षक (डीवायएसपी) दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. साठ दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात जावं असा नियम आहे.

गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे सरकारी मदत मिळते. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत ती ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. सगळी रक्कम एकदम मिळत नाही. एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकाल अशा टप्प्यांत मिळते. खुनात मात्र अर्धी शवविच्छेदनानंतर आणि अर्धी दोषारोपपत्रानंतर. पहिली मदत सात दिवसांत मिळावी असं नियमात आहे. पाठपुरावा समाजकल्याण कार्यालयात करायचा. मधल्या माणसाला टक्केवारी द्यायची काही गरज नाही. साक्षीला जाताना फिर्यादी आणि साक्षीदार दोघांनाही प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथं साधा अर्ज पुरतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला पाहिजे. रेंगाळलेलं प्रकरण त्या बैठकीत ठेवावं असा अर्ज कुणीही देऊ शकतो.

जामिनाचा दिवस: सगळ्यात धोक्याचा

खैरलांजी विसरता येत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले. आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात या कुटुंबाने आरोपींविरुद्ध सांगितलं होतं. ते जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर गेला. पुढं २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम काही टिकलं नाही. २०१० मध्ये हायकोर्टातही ते टिकलं नाही.

आज कायद्यात कलम १५-अ आहे. त्याप्रमाणे जामिनाच्या अर्जाची माहिती फिर्यादीला आधी मिळाली पाहिजे आणि त्याचं म्हणणं कोर्टाने ऐकलं पाहिजे. म्हणून एफआयआरनंतर लगेच दोन अर्ज द्यावेत. एक तपास अधिकाऱ्याला, जामिनाची तारीख कळवण्यासाठी. दुसरा पोलीस अधीक्षकांना, संरक्षणासाठी. जामिनाच्या दिवशी कोर्टात हजर राहावं, धमकी आली असेल तर तिथंच सांगावं. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस घरात एकटं थांबू नये, रात्री एकट्याने शेतात पाणी धरायला जाऊ नये, शाळेच्या पोरांसोबत मोठं माणूस द्यावं.

गाव बोलायचं बंद करतं तेव्हा

केस झाल्यावर पुष्कळदा उघड मारहाण होत नाही. किराणावाला उधारी बंद करतो, मजुरीला कुणी बोलवत नाही, डेअरीत दूध घेतलं जात नाही, लग्नाचं आवतन येत नाही. कधी उलटी केस होते, चोरीची किंवा छेडछाडीची. हे सगळं दबावासाठी असतं.

अशा वेळी घरात एक वही घालावी. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण सोबत होतं, एवढं रोज लिहायचं. धमकीचा फोन आला तर नंबर लिहायचा, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवायचा. दर नव्या प्रकाराची लेखी तक्रार द्यायची. बहिष्कार हा अ‍ॅट्रॉसिटीत वेगळा गुन्हा आहे. शिवाय महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा कायदा सगळ्यांसाठी आहे. जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तरी तो चालतो.

मिटवायच्या बोलण्यांबद्दल एवढंच: पारावर बसून स्टँप पेपरवर लिहून घेतलं म्हणजे हा गुन्हा मिटत नाही. तो अधिकार पंचांना नाही. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही कुणालाच देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

मनावरही परिणाम होतो. झोप लागत नाही, दार वाजलं की छातीत धडधडतं, पोरं शाळेत जायला नको म्हणतात. यात कमजोरी काही नाही. १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर मोफत बोलता येतं. पोरांच्या गुरुजींना घडलेलं सांगून ठेवावं. बहिणीच्या, मामाच्या गावी चार दिवस जाऊन आलं तरी फरक पडतो, फक्त नवा पत्ता तपास अधिकाऱ्याला कळवून जावं.

बघणाऱ्याने काय करायचं?

नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात खर्डा इथं २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सगळ्या राज्यात ते प्रकरण गाजलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते.

केस कायद्याच्या पुस्तकावर उभी राहत नाही, बघणाऱ्या माणसावर उभी राहते. दुसऱ्या समाजाच्या शेजाऱ्याने "होय, मी पाहिलं" म्हटलं, तर ते वजनदार ठरतं. साक्षीदारालाही कलम १५-अ खाली संरक्षण आहे. साक्ष द्यायची हिंमत नसेल तरी ११२ ला फोन करणं, जखमीला गाडीत घालून दवाखान्यात नेणं, दळण दळून देणं, एवढं कुणालाही जमतं.

दुसऱ्या समाजावर द्वेषातून हल्ला झाला तर

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती, बाकी काहीच नव्हतं.

भटक्या विमुक्तांना, मुस्लिमांना किंवा परप्रांतातून ऊसतोड, बांधकामाला आलेल्या मजुरांना अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू नाही, जर ते अनुसूचित जाती-जमातीचे नसतील. पण भारतीय न्याय संहितेत आता स्वतंत्र कलम आहे. जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून खून केला, तर कलम १०३(२) खाली जन्मठेप किंवा फाशी आहे. जबर दुखापत केली तर कलम ११७(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन समाजांत तेढ लावणारं बोलणं किंवा पोस्ट कलम १९६ मध्ये येतं. दवाखाना, पुरावा, फिर्याद, झिरो एफआयआर हे सगळं वर सांगितलं तसंच.

गावात अनोळखी माणूस दिसला तर त्याला घेरायचं नाही. पोलीस पाटलाला सांगायचं, ११२ ला कळवायचं. ग्रुपवर आलेली अफवा पुढं ढकलणाराही गुन्ह्यात येतो.

मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवायचे नंबर

- ११२: तातडीची पोलीस मदत
- १०८: रुग्णवाहिका
- १४५६६: अनुसूचित जाती-जमाती अत्याचारविरोधी हेल्पलाइन
- १५१००: मोफत कायदेशीर मदत
- १४४१६: मानसिक आधार, टेलिमानस
- १०९८: लहान मुलांसाठी
- आपल्या ठाण्याचा, बीट अंमलदाराचा आणि पोलीस पाटलाचा नंबर

फिर्याद द्यायला मुदत अशी नाही, पण उशीर झाला तर त्याचं कारण लिहावं लागतं. "भीती होती", "दवाखान्यात होतो", "गावकरी मिटवतो म्हणाले" हे खरं कारण असेल तर तेच लिहावं. दारात बसलेल्या माणसांना चहा जरूर द्यावा, पण त्याआधी दवाखान्याचा केसपेपर आणि एफआयआरची प्रत घरात आलेली असावी. मग काय ठरवायचं ते ठरवता येतं.